बर्फातला एक दिवस, सहा कुत्री आणि मी (ठाणे ते ट्रॉम्सो)

तलावपाळीकरीण · ३ मार्च, रात्री ९.५०

मंडळी, परवा परत आलो. बॅगेतून लोकरीचे थर्मल काढताना नवरा म्हणाला, "आता हे घालून फ्रीजसमोर बसायचं का?" बाहेर पस्तीस डिग्री. म्हटलं, डोक्यात बर्फ आहे तोवर लिहून टाकावं.

आधी एक कबुली. मला कुत्र्यांची भीती वाटते. सात वर्षांची असताना चरईत एक कुत्रं चावलं होतं, आणि तेव्हा पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागायची. त्यानंतर आजतागायत समोरून कुत्रं आलं की मी रस्ता बदलते. राम मारुती रोडवर एक तपकिरी कुत्रं आहे, त्याच्यामुळे गेली अकरा वर्षं मी औषधाच्या दुकानात पलीकडच्या फुटपाथने जाते. त्यामुळे लेकीने परस्पर "डॉग स्लेडिंग" (कुत्र्यांनी ओढायच्या बर्फावरच्या बिनचाकी गाडीतून, म्हणजे स्लेजमधून, फेरी) बुक केलंय हे कळल्यावर मी दोन दिवस तिच्याशी धड बोलले नाही. पैसेही, दोघांचे मिळून, एका छोट्या फ्रीजएवढे.

ट्रॉम्सो हे नॉर्वेच्या अगदी उत्तरेकडचं शहर, आर्क्टिक वृत्ताच्याही साधारण साडेतीनशे किलोमीटर वर. नोव्हेंबरच्या शेवटापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत तिथे सूर्य क्षितिजावर येतच नाही. आम्ही फेब्रुवारीच्या शेवटी गेलो, तेव्हा सकाळी सात-साडेसातला उजाडून दुपारी साडेचारपर्यंत दिवस आटोपायचा. लोक जातात ते नॉर्दर्न लाइट्स बघायला. आम्हाला तीन रात्री ढग दिसले. छान होते ढग. त्यावर अधिक लिहीत नाही.

चौथ्या दिवशी बसने पूल ओलांडून क्वालोया नावाच्या बेटावर नेलं. उणे अकरा. बसचं दार उघडलं आणि आधी आवाज आला. दोनशे-अडीचशे कुत्री एकदम. भुंकणं, रडणं, किंचाळणं, लांडग्यासारखं लांबलचक ओरडणं, सगळं एकत्र. विसर्जनाच्या रात्री तलावपाळीला उभं राहिल्यासारखं. माझे पाय बसच्या पायरीवरच थिजले, आणि ते थंडीने नव्हे.

आणि मग कुत्री दिसली, तर अपेक्षाभंग! मला वाटलं होतं निळ्या डोळ्यांची, ढगासारख्या केसांची, कॅलेंडरवरची कुत्री असतील. ही तर किडकिडीत, लांब पायांची, एक काळं, एक पिवळट, एकाचा कान मोडलेला. अगदी आपली गावठी! तिथल्या मुलीने सांगितलं की या अलास्कन हस्की. ही काही कागदोपत्री जात नाही. जो पळेल, ओढेल, नीट खाईल आणि पायाने मजबूत असेल त्याचं पिल्लू घ्यायचं, रूपाकडे बघायचं नाही, असं पिढ्यान् पिढ्या करत तयार झालेली संकरित कुत्री. वजन जेमतेम वीस-पंचवीस किलो. म्हणजे माझ्या चेक-इन बॅगेएवढं.

वरून घालायला जाडजूड डगला आणि बूट त्यांनीच दिले. अंगात सुती काही घालू नका, घाम आला की ते ओलं राहतं आणि गारठवतं, हेही सांगितलं. मग प्रशिक्षण, दहा मिनिटांचं. गाडीखालच्या दोन घसरत्या पट्ट्यांच्या मागच्या टोकांवर उभं राहायचं, दोन्ही पट्ट्यांच्या मधे एक लोखंडी दात्यांचा ब्रेक, तो पायाने बर्फात दाबायचा. थांबल्यावर एक मोठा आकडा बर्फात रुतवायचा, नांगर टाकतात तसा. तिने विचारलं, पडलात तर काय कराल? नवरा म्हणाला, उठू. ती म्हणाली, नाही, गाडी धरून ठेवाल. फरफटत गेलात तरी धरून ठेवाल. कारण कुत्री तुमच्यासाठी थांबणार नाहीत.

एका गाडीला सहा कुत्री. मी गाडीत रेनडिअरच्या कातड्यावर बसलेली, नवरा मागे उभा. कुत्री जागच्या जागी चार पायांवर उड्या मारतायत, दोर चावतायत, गाडी नांगरासकट थरथरतेय. आणि मग तो आकडा उपटला.

सगळा आवाज बंद. एका क्षणात. लग्नाच्या हॉलमध्ये अचानक लाइट जाऊन बँड थांबावा तसा. उरली ती फक्त पट्ट्यांची बर्फावरची सरसर, चोवीस पायांचा मऊ तडतडाट आणि श्वास. मला तोवर वाटत होतं की ही बिचारी कुत्री कामाला जुंपल्यामुळे ओरडतायत. ती ओरडत होती ती "चला की" म्हणून!

दोन्ही बाजूंना पांढरे डोंगर, खाली काळंनिळं समुद्राचं पाणी (तिथला समुद्र गोठत नाही, गरम प्रवाहामुळे), आणि खुरट्या बर्चच्या झाडांवर साखर पेरल्यासारखा बर्फ. पापण्यांवर हिम जमलं. मोबाईलची बॅटरी साठ टक्क्यांवरून थेट बंद. बरंच झालं, नाहीतर मी सगळं स्क्रीनमधूनच बघितलं असतं.

चढ आला की मागच्या माणसाने एक पाय जमिनीवर मारत गाडीला हातभार लावायचा असतो. आमच्याकडे हातभार नव्हता. तेव्हा डाव्या बाजूच्या मागच्या कुत्र्याने मान वळवून नवऱ्याकडे असं काही पाहिलं, की तीस वर्षांत मला तसं पाहायला जमलेलं नाही. तो लगेच उतरून ढकलायला लागला.

एका वळणावर आम्ही आडवे झालो. मी बर्फात, नवरा दांडा धरून पोटावर दहा-बारा फूट. सोडला नाही! त्याबद्दल त्याला घरी आल्यावर पुरणपोळी.

शेवटी कुत्र्यांच्या अंगावरचे जुंपायचे पट्टे आपणच सोडायचे. ते काम माझ्याकडे आलं. पुढच्या जोडीतली एक कुत्री, नाव "कार्डेमोम्मे", म्हणजे वेलची. एका वेतातल्या सगळ्या पिल्लांची नावं एका विषयावर ठेवतात, तिचे भाऊ दालचिनी आणि लवंग. मी हात लांब धरून बकल शोधत होते. वेलचीने बर्फात एक लोळण घेतली, उठली आणि माझ्या गुडघ्यावर डोकं टेकवून उभी राहिली. इतकंच. मी किती वेळ तशी बसले माहीत नाही, नवरा म्हणतो पाच मिनिटं.

आता प्रश्न: लेकीला ठाण्यात हस्की आणायचा आहे. जाणकारांनी मत द्यावं. भांडण माझ्या घरात आधीच चालू आहे, इथे केलंत तरी चालेल.

घंटाळीचा_गण्या · ३ मार्च, रात्री १०.०५

पयला! नवऱ्याचा फोटो टाका पोटावर घसरतानाचा.

तलावपाळीकरीण · ३ मार्च, रात्री १०.११

बॅटरी मेली होती असं लिहिलंय. नवऱ्याचं नशीब.

जुन्नरी_ठाण्यात · ३ मार्च, रात्री १०.४०

ताई, झकास लिहिलंय. वाचताना सारखा आमचा घाट, म्हणजे बैलगाडा शर्यतीची धावपट्टी, डोळ्यासमोर येत होता. आमच्याकडे पुढे घोडी पळते, मागे बैलांच्या जोड्या, आणि गाड्याला जुंपलेली धुरेची जोडी सगळ्यात ताकदीची लागते, कारण धक्का तिला बसतो. कुत्र्यांतही तसंच असतं का? आणि आवाजाचंही तेच. झुपताना बैल आवरत नाही, चार माणसं लागतात. भिर्रर्र झालं की मग माणसंच ओरडतात, बैल नाही.

उत्तरवारा · ४ मार्च, पहाटे ४.३०

(मूळचा वाशीचा, सध्या मिनेसोटा. तुमची पहाट ही माझी संध्याकाळ.)

जुन्नरी, तुमचं निरीक्षण अगदी बरोबर. सर्वात पुढे "लीड" कुत्री: ती ताकदीची नाही, डोक्याची लागतात. हुकूम ऐकायचा, वाट शोधायची, आणि वेळ आली तर हुकूम मोडायचा. त्यांच्या मागे "स्विंग", ती वळणावर रांग फिरवतात. मधे "टीम". आणि गाडीलगत "व्हील" म्हणजे तुमची धुरेची जोडी, थोराड आणि शांत. वळणावर गाडी झाडावर आपटू न देणं हे त्यांचं काम. ताईंच्या नवऱ्याकडे वळून पाहणारं कुत्रं व्हीलचंच असणार, सगळ्यात जवळून त्यालाच कळतं मागचा माणूस आळशी आहे ते.

हुकूम: "जी" म्हणजे उजवीकडे, "हॉ" म्हणजे डावीकडे, निघायला "हाइक", थांबायला "व्हो". "मश" हा शब्द मूळ फ्रेंच "मार्श"वरून आलेला म्हणतात. चालवणाऱ्याला मशर म्हणतात खरं, पण कुत्र्यांना "मश" म्हणणारा मी एकही पाहिलेला नाही. लगाम नसतो, हे लक्षात घ्या. आवाजाशिवाय हातात काही नाही.

आमच्याकडे दुलुथजवळ जानेवारीच्या शेवटी जॉन बेअरग्रीजच्या नावाची शर्यत असते, लेक सुपीरिअरच्या उत्तर किनाऱ्याने सुमारे तीनशे मैल. हा बेअरग्रीज कोण, तर एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी कुत्र्यांच्या गाडीने टपाल नेणारा ओजिब्वे जमातीचा डाकवाला. रस्ता नव्हता तेव्हा वस्त्यांपर्यंत पत्रं तो पोचवायचा. मी दोनदा तिथे स्वयंसेवक होतो. काम काय, तर वाट जिथे गाडीरस्ता ओलांडते तिथे उभं राहून मोटारी थांबवायच्या. रात्री दोन वाजता, उणे पंचवीस. अंधारातून आधी डोक्यावरच्या दिव्याचा ठिपका येतो, मग श्वासाचं धुकं, आणि मग बारा कुत्री आपल्या पायाजवळून निघून जातात, आवाज न करता. वाशीच्या डेपोत वाढलेल्या माणसाला हे आयुष्यात बघायला मिळावं!

पण २०२४ला शर्यतच रद्द झाली. बर्फ नाही. अलास्कातल्या हजार मैलांच्या इडिटारॉड शर्यतीलासुद्धा २०२५मध्ये सुरुवात फेअरबँक्सला न्यावी लागली, नेहमीच्या मार्गावर पुरेसा बर्फ नव्हता म्हणून. ताई, वेळेवर जाऊन आलात.

घंटाळीचा_गण्या · ४ मार्च, सकाळी ८.१५

आम्ही घरात "हॉ" म्हटलं की बायको उजवीकडे जाते.

प्रश्नचिन्ह_ऐरोली · ४ मार्च, सकाळी ९.२०

वर्णन छान, पण सगळेच हरखलेले दिसतात म्हणून विचारतो. पर्यटकांच्या हौसेसाठी जनावर जुंपायचं आणि "त्यालाच आवडतं" म्हणायचं, हे हत्तीच्या अंबारीपासून ऐकत आलोय. मोसम संपल्यावर त्या अडीचशे कुत्र्यांचं काय होतं? २०१० साली कॅनडात, व्हिसलरला ऑलिम्पिक झाल्यावर धंदा बसला म्हणून डझनावारी स्लेज कुत्री मारून पुरली होती. पुढे प्रकरण उघडकीला आलं, तिथल्या प्रांताला कायदा कडक करावा लागला. ताई, तिथे कुत्री साखळीला होती का?

तलावपाळीकरीण · ४ मार्च, सकाळी ११.०२

होती. मी लिहिलं नाही, कारण ते लिहिलं की बाकीचं गोड वाटत नाही, हे खरं. प्रत्येकाला लाकडी खोपटं, आत पेंढा, आणि जमिनीत खुंटा. साखळी साधारण दोन मीटर, खुंट्याभोवती फिरेल अशी. काही खोपटाच्या छपरावर चढून बसलेली. मी विचारलं, दिवसभर अशीच? तर म्हणाली, पाळीपाळीने रोज पळतात, उन्हाळ्यात चाकांची गाडी ओढतात, आणि म्हातारी झालेली कुत्री लोकांना घरी पाळायला देतो. म्हातारी कुत्री आवारात मोकळी फिरताना दिसलीही, एक तर ऑफिसच्या हीटरसमोर घोरत होतं. पण मी तीन तासांची पाहुणी. मला दाखवलं तेवढं दिसलं.

जुन्नरी_ठाण्यात · ४ मार्च, दुपारी १.३०

प्रश्नचिन्हसाहेब, हा वाद आम्ही बैलांच्या बाबतीत नऊ वर्षं ऐकला. २०१४ला सुप्रीम कोर्टाने बंदी घातली, २०२१च्या डिसेंबरात अटींवर परवानगी, आणि मे २०२३ला राज्याचा कायदा ग्राह्य धरला. त्या अटी मला मान्य आहेत, चाबूक न् टोचणी नकोच. पण गोठ्यात बैलाची निगा कशी राखतो ते बघायला कुणी येत नाही. घाटात तेवढे कॅमेरे घेऊन येतात.

प्रश्नचिन्ह_ऐरोली · ४ मार्च, दुपारी १.४४

निगा राखता याबद्दल शंका नाही. बैलाला विचारता येत नाही एवढंच म्हणणं आहे.

जुन्नरी_ठाण्यात · ४ मार्च, दुपारी १.५०

या एकदा. बैल बघून सांगा.

संपादक_मंडळ · ४ मार्च, दुपारी २.१५

बैलगाड्यावर दोन स्वतंत्र धागे आहेत. कृपया कुत्र्यांकडे वळावे.

निवृत्त_पंचाहत्तर · ४ मार्च, सायंकाळी ६.००

कुत्र्यांकडे वळतो. कुणीच नोमचं नाव काढलं नाही याचं नवल वाटलं.

माझ्या थोरल्या बहिणीला घटसर्प झाला होता, मी पाहिलेला नाही, आईकडून ऐकलेला. घशात पांढरा पडदा धरतो आणि मूल गुदमरतं. आता त्रिगुणी लशीमुळे तुमच्या पिढीला शब्दही ठाऊक नसेल. जानेवारी १९२५मध्ये अलास्काच्या पश्चिम टोकाला नोम नावाच्या गावात घटसर्प निघाला. बंदर गोठलेलं, विमानं उघड्या बैठकीची आणि हिवाळ्यापुरती सुटी करून ठेवलेली, आणि गावातला प्रतिविषाचा (रोगाचं विष मारणाऱ्या औषधाचा) साठा मुदतीबाहेर गेलेला. औषध रेल्वेने नेनानापर्यंत आलं. तिथून नोम ६७४ मैल, म्हणजे जवळजवळ १,०८५ किलोमीटर. वीस मशर आणि दीडशेच्या आसपास कुत्री, एकाने दुसऱ्याच्या हाती द्यायचं, अशी ती दौड साडेपाच दिवसांत झाली. टपालाला त्या वाटेने तीन आठवड्यांच्या पुढे लागायचे. थंडी उणे चाळीसच्याही खाली.

शेवटचा टप्पा गुन्नर कासेनचा, पुढे बाल्टो नावाचा कुत्रा. त्यामुळे सगळं नाव बाल्टोचं झालं. त्याच वर्षी डिसेंबरात न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात त्याचा पुतळाही बसला. पण सर्वांत लांब आणि सर्वांत धोक्याचा टप्पा, गोठलेल्या समुद्राच्या खाडीवरून, लिओनार्ड सेप्पालाने काढला तो टोगो नावाच्या कुत्र्याच्या भरवशावर. टोगो तेव्हा बारा वर्षांचा होता म्हणतात. म्हणजे कुत्र्यांतला माझ्याच वयाचा. त्याला न्याय मिळायला फार उशीर झाला.

आमच्या ऑफिसातही फाइल शेवटी जो साहेबांच्या टेबलावर ठेवायचा त्याचंच नाव व्हायचं. असो.

उत्तरवारा · ५ मार्च, पहाटे ५.१०

काका, दंडवत. सेप्पाला जन्माने नॉर्वेचाच, ताई जिथे गेल्या त्याच उत्तरेकडचा. आणि बाल्टो, टोगो ही दोन्ही सायबेरियन हस्की जातीची कुत्री, म्हणजे लेकीला हवी आहे तीच जात. चुकची लोकांनी पूर्व सायबेरियात जोपासलेली. ती अलास्कात आली तेव्हा लोक हसले होते, केवढीशी आहेत म्हणून.

आणि ही परंपरा किती जुनी, तर सायबेरियाच्या उत्तरेला झोखोव्ह बेटावर साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या स्लेज कुत्र्याचे अवशेष मिळालेत, आणि त्याचे जनुक आजच्या ग्रीनलंडच्या कुत्र्यांशी जुळतात. प्रश्नचिन्ह यांच्या प्रश्नाला हे उत्तर नाही, मला कळतं. पण एवढ्या पिढ्या ज्याच्या रक्तात पळणं आहे त्याला बांधून ठेवणं क्रूर की पळवणं, हे मला तरी सोपं वाटत नाही. इतिहास काही गोंडस नाही. नॉर्वेचा शोधप्रवासी अमुंडसेन १९११ला दक्षिण ध्रुवाकडे निघाला तेव्हा ५२ कुत्री होती, परत आली ११. बाकीची वाटेत मारून इतर कुत्र्यांना आणि माणसांनाही खायला घातली, आणि हे आधीच ठरवून. १९९४पासून तर अंटार्क्टिकावर कुत्रं न्यायलाच बंदी आहे.

घंटाळीचा_गण्या · ५ मार्च, सकाळी ८.४०

सकाळी सकाळी नाश्त्याच्या वेळी असलं काही लिहू नका हो. मिसळ समोर आहे.

सेक्टर_बारा_खारघर · ५ मार्च, रात्री ११.२०

आता मूळ प्रश्नावर कुणीतरी बोलायला हवं, म्हणून खातं उघडल्यावर दोन वर्षांनी पहिला प्रतिसाद देतोय.

माझ्याकडे हस्की आहे. नाव ढगू. विकत घेतलेला नाही. आमच्याच इमारतीतल्या एका कुटुंबाने हौसेने आणला, दीड वर्षात बदली झाली, आणि जाताना "दोन महिने सांभाळा" म्हणून ठेवून गेले. त्याला आता चार वर्षं झाली.

ताई, लेकीला हे वाचून दाखवा. पहिलं, वीजबिल. मार्च ते जून हॉलमधला एसी रात्रंदिवस. आम्ही माणसं बेडरूममध्ये पंख्याखाली झोपतो, साहेब हॉलमध्ये लादीवर चारी पाय पसरून. दुसरं, केस. वर्षातून दोनदा आतला मऊ थर गळतो तेव्हा रोज एक पिशवी. आमच्या आईच्या भाकरीतही केस निघाला, आणि तिने तो न बोलता बाजूला काढला, यावरून काय ते समजा. तिसरं, आवाज. हा भुंकत नाही, गातो. शेजारच्या काकांची संध्याकाळची आरती सुरू झाली की साथ देतो. काकांना आधी राग यायचा. आता तो गायला नाही तर बेल वाजवून विचारतात, बरं नाही का त्याला?

चौथं आणि खरं. हे जनावर पळण्यासाठी आहे. मी पहाटे पावणेपाचला उठतो. खारघरच्या डोंगराच्या बाजूच्या रस्त्याला तासभर. एप्रिलमध्ये तेव्हाही सत्तावीस-अठ्ठावीस डिग्री आणि दमट. वीस मिनिटांत त्याची जीभ गुडघ्यापर्यंत येते आणि तो खाली बसतो. डोळ्यांत मात्र अजून पळायचंय. ते मला बघवत नाही. तुमचं "आवाज बंद झाला" वाचलं आणि थांबलो थोडा वेळ. ढगूचा आवाज कधीच तसा बंद होत नाही, कारण त्याचा नांगर कुणी उपटत नाही.

विकत आणू नका. आणायचाच असेल तर लोकांनी टाकून दिलेले हस्की खूप आहेत, त्यातला आणा. आणि तोही एसी चालू ठेवण्याची ऐपत आणि पहाटे उठणारा माणूस घरात असेल तरच.

तलावपाळीकरीण · ५ मार्च, रात्री ११.४१

लेकीला वाचून दाखवलं. गप्प आहे. ढगूचा फोटो टाकाल?

गुरांचा_डॉक्टर_कळवा · ६ मार्च, सकाळी ७.३०

सेक्टर बारा, तुम्ही उत्तम सांभाळताय. थोडी भर घालतो, कारण पुढचे तीन महिने आमच्याकडे अशा केसेस येतात.

कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही, पंजांना थोडा येतो तेवढाच. अंग गार करायचं मुख्य साधन म्हणजे धापा टाकणं, तोंडातली वाफ बाहेर टाकणं. आपल्याकडे अडचण नुसत्या तापमानाची नाही, दमटपणाची आहे. हवेतच पाणी असेल तर वाफ जाणार कुठे? त्यामुळे नागपूरच्या बेचाळीसला जसं जपायचं तसंच ठाण्याच्या चौतीसलाही.

उन्हाळ्यात लोक हस्कीची हजामत करून आणतात. करू नका. वरचे राठ केस उन्हापासून वाचवतात, आणि कापल्यावर ते नीट परत येतीलच असं नाही. आतला गळलेला थर रोज विंचरून काढा, हवा खेळली पाहिजे. डांबरावर आपला पालथा हात पाच-सात सेकंद ठेवून बघा, चटका बसला तर त्याच्या पंजालाही बसतो.

कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८ ते ३९ डिग्रीच्या आसपास असतं. ४१च्या वर गेलं तर जिवावरचं. घट्ट चिकट लाळ, विटेसारख्या लाल हिरड्या, चालताना झोकांड्या: दवाखान्याच्या वाटेला लागण्याआधी अंगावर पाणी ओता, पंखा लावा, आणि मग आणा. ओला टॉवेल गुंडाळून आणतात, त्याने उष्णता आत कोंडते.

अवांतर: बर्फात यांचे पंजे का गोठत नाहीत, तर पायाकडे जाणाऱ्या गरम रक्ताच्या नळ्या आणि परत येणाऱ्या गार रक्ताच्या नळ्या इतक्या लगटून असतात की परतणारं रक्त तिथल्या तिथे तापतं. ऊब अंगातच राहते, आणि पंजा गोठणार नाही इतपतच उबदार ठेवला जातो. लांब शर्यतीत हीच कुत्री दिवसाला दहा हजार कॅलरींच्या आसपास खातात, तीही बरीचशी चरबीतून. माणसाच्या चार-पाचपट, आणि वजन माणसाच्या तिसऱ्या हिश्श्याचं. ते सगळं इंजिन तुम्ही वन बीएचकेमध्ये ठेवताय, असं समजा.

घंटाळीचा_गण्या · ६ मार्च, सकाळी ९.००

मग ढगूला एकदा येऊरला आणा ना, पहाटे गार असतं. आपण सगळे भेटू. मी गाडी ओढून घ्यायला तयार आहे, म्हणजे मी बसतो, तो ओढेल.

गुरांचा_डॉक्टर_कळवा · ६ मार्च, सकाळी ९.१२

येऊरच्या जंगलात कुत्रं नेऊ नये. ते राष्ट्रीय उद्यान आहे आणि तिथे बिबटे आहेत. बिबट्यासाठी ढगू म्हणजे घरपोच डबा. शिवाय पाळीव कुत्र्यांचे आजार जंगली प्राण्यांना लागतात.

सेक्टर_बारा_खारघर · ६ मार्च, रात्री १०.३०

ढगूतर्फे निमंत्रण. आमच्याच घरी या, रविवारी संध्याकाळी. हॉल एकवीस डिग्रीला असतो. स्वेटर आणा, खरंच सांगतोय. आई कांदाभजी करेल. तलावपाळीकर ताई, तुम्हाला भीती वाटत असेल तर मी त्याला आत ठेवीन.

तलावपाळीकरीण · ६ मार्च, रात्री १०.५२

आत ठेवू नका. थर्मल पडूनच आहेत, ते घालून येते.

प्रश्नचिन्ह_ऐरोली · ६ मार्च, रात्री ११.०५

मी पण येतो. ऐरोलीहून कुणाच्या गाडीत जागा आहे का? ओढायला तयार आहे.

निवृत्त_पंचाहत्तर · ७ मार्च, सकाळी ६.२०

मी येऊ शकणार नाही, गुडघे. पण स्लेजला मराठीत काय म्हणावं याचा काल विचार करत होतो. घसरगाडी?

जुन्नरी_ठाण्यात · ७ मार्च, सकाळी ७.०५

घसरगाडी नको काका, ते बागेतलं वाटतं. आमच्याकडे शेतात बिनचाकाची ओढायची फळी असते. पण तिला कुत्री जुंपली तर गाव हसेल.

तलावपाळीकरीण · ७ मार्च, दुपारी १२.१५

ताजी खबर. आज औषधं आणायला गेले तेव्हा फुटपाथ बदलला नाही. ते तपकिरी कुत्रं स्कूटरखाली सावलीत झोपलं होतं. मी चार फुटांवर थांबले. त्याने एक डोळा उघडला, माझ्याकडे बघितलं आणि परत मिटला.

घंटाळीचा_गण्या · ७ मार्च, दुपारी १२.१८

शेपटी?

तलावपाळीकरीण · ७ मार्च, दुपारी १२.२५

एकदा हलली. माझ्यासाठी की माशीसाठी, ते सांगता येत नाही.